कार्ड नवं, वायरिंग जुनं!

ग्राफिक्स कार्ड बदलायचं म्हणजे काय, जुन्याचा स्क्रू काढायचा आणि नव्याचा लावायचा. असं ज्यांना वाटतं त्यांनी ही पनवेलची कहाणी जरूर वाचावी. आणि ज्यांच्या घरी एसी घ्यायचा राहिलाय, त्यांनी तर दोनदा!

लॅमिंग्टन रोडवर तुम्ही कार्डाची किंमत विचारली की समोरून किंमत येत नाही. प्रश्न येतो, "बिल के साथ, के बगैर?"

मंडळी, एवढ्या पैशांची वस्तू बिलाशिवाय घ्यायची म्हणजे वॉरंटीला तिथंच राम राम. मी म्हटलं, बिलासकट. पोरानं कॅल्क्युलेटर बडवला, आकडा माझ्याकडे फिरवला आणि मी कॅल्क्युलेटर बिघडलाय का ते बघायला लागलो. १८ टक्के जीएसटी धरला होताच, पण त्याच्याही वर काहीतरी होतं. "सर, लिस्ट प्राइस पे कौन देता है?" पोरगा इतक्या प्रेमानं म्हणाला, की मलाच माझी लाज वाटली.

ही गोष्ट एप्रिल २०२५ची. त्या वर्षी जानेवारीत लास व्हेगासमध्ये एनव्हिडियानं आरटीएक्स ५० मालिका जाहीर केली. भारतातल्या किमतीही लगेच आल्या. ५०७० हे ५९ हजारांना, ५०७० टीआय ८० हजारांना, ५०८० एक लाख सात हजारांना आणि सगळ्यात वरचं ५०९० दोन लाख चौदा हजारांना. शेवटचा आकडा मी नुसता बघितला, माथेरानच्या पॉइंटवरून दरी बघतात तसा. पण जाहीर किंमत म्हणजे लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त. छापलेला एक, प्रत्यक्षात अक्षता पडणार भलत्याच वेळी. माझ्या अक्षता अकरा हजारांनी उशिरा पडल्या. यातलं नेमकं कुठलं कार्ड मी घेतलं, ते इथं लिहीत नाही. आई हा अंक वाचते.

आता तुम्ही म्हणाल, गरजच काय होती? बरोबर आहे. माझ्याकडे २०१७ साली घेतलेलं जीटीएक्स १०६० होतं, सहा जीबीचं. आठ वर्षं त्यानं एकदाही कुरकुर केली नाही. १२० वॅटमध्ये गुपचूप काम करायचं बिचारं. पण डिसेंबर २०२४मध्ये इंडियाना जोन्सचा नवा गेम आला, मी हौसेनं घेतला आणि तो उघडेचना! अडखळत चालला असता तर चालवून घेतलं असतं, पण हा सुरूच होईना. कारण त्याला रे ट्रेसिंग करणारंच कार्ड लागतं. रे ट्रेसिंगचा फंडा असा, की प्रकाशाचा किरण कुठं आपटेल, कुठून परत फिरेल, कुठं सावली पडेल, याचा हिशोब कार्ड त्याच क्षणी करतं. त्यासाठी चिपमध्ये वेगळी सर्किट्स लागतात. एनव्हिडियानं ती २०१८च्या आरटीएक्स २० मालिकेपासून दिली. माझं कार्ड त्याच्या आधीचं. म्हणजे ते मागं राहिलं नव्हतं, बादच झालं होतं.

बत्तिसाव्या वर्षी बाद होण्याबद्दल मी जरा हळवा आहे. तर घेतलं.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. ते पैसे एसीचे होते. आई-बाबांच्या खोलीत एप्रिलमध्ये एसी लावून देतो, असं मी दिवाळीपासून सांगत होतो. बोनस बाजूला काढून ठेवला होता. मनात म्हटलं, कार्ड आत्ता घेऊ, एसी मे महिन्यात. एक महिन्याचा तर प्रश्न आहे.

"मिक्सर घेतलात का?"

पनवेलहून लॅमिंग्टन रोडला जाणं म्हणजे हार्बरनं कुर्ला, तिथून दादर, दादरला पूल चढून वेस्टर्नची गाडी आणि ग्रँट रोडला उतरायचं. रविवारी जाऊन उपयोग नाही, बहुतेक दुकानं बंद. त्यामुळे शनिवार. येताना मी शहाणपणा केला. टॅक्सीनं सीएसएमटी गाठलं आणि तिथून सुटणारी पनवेल लोकल पकडून खिडकी मिळवली. खोकं मांडीवर. कुकरच्या खोक्यापेक्षा मोठं, त्यावर हिरव्या ज्वाळा छापलेल्या. वडाळ्याला शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, "मिक्सर घेतलात का?" मी मान डोलावली. "किती जारचा?" मी म्हटलं, तीन. कार्डाला पंखे तीनच होते, त्यामुळे अगदीच खोटं नव्हतं.

घरी आल्यावर पहिला पोपट. कार्ड ३२ सेंटिमीटर लांब, माझ्या कॅबिनेटमध्ये जागा २९ सेंटिमीटर. दुकानात मला कुणी विचारलं नाही आणि मी कॅबिनेट मोजलं नाही. चूक अर्थात माझी. सोफा घेताना आपण दरवाजा मोजतो की नाही?

दुसरा पोपट एसएमपीएसचा. माझा साडेचारशे वॅटचा, नव्या कार्डाला साडेसातशेचा हवा. म्हणजे पुढचा पगार होईपर्यंत कार्डानं गोदरेजच्या कपाटात, आईच्या पैठणीखाली विश्रांती घेतली. एवढा महागडा शेजार त्या पैठणीलाही पहिल्यांदाच मिळाला असेल.

इथं बाबांची एन्ट्री. माझे बाबा वीज मंडळातून रिटायर झाले. मंडळाचं महावितरण झालं ते २००५मध्ये, पण आमच्या घरात अजून ते 'बोर्ड'च. बाबांना गेम, फ्रेम, रे ट्रेसिंग यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती वॅट?" मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "म्हणजे तू हीटर आणलास."

पण मदतीला आले तेच. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला हार्ड डिस्क ठेवायचा एक पिंजरा असतो. तो त्यांनी ड्रिलनं रिबिटं उडवून काढला आणि उरलेला पत्रा हॅक्सॉनं कापला. सोळा पिनांचा नवा कनेक्टर बघितल्यावर मी त्यांना सांगितलं, की २०२२मध्ये आरटीएक्स ४०९० आलं तेव्हा काही लोकांचे हे कनेक्टर वितळले होते आणि कंपनीनं मुख्य कारण दिलं होतं, की ते पूर्ण आत बसवलेले नव्हते. बाबा खूश झाले. "लूज कॉन्टॅक्ट! चाळीस वर्षं तेच सांगतोय. अर्ध्या आगी लूज कॉन्टॅक्टनं लागतात." मग त्यांनी स्वतः तो कनेक्टर दाबला, टॉर्च मारून बघितला, परत दाबला. कार्ड वजनानं खाली झुकत होतं म्हणून त्याला टेकू दिला, घडी घातलेल्या पुठ्ठ्याचा. ऐंशी-नव्वद हजारांच्या वस्तूला पार्ले-जीच्या पुठ्ठ्याचा टेकू! सॉलिड दिसतो.

मालगाडीच्या मागे

मशीन सुरू झालं. गेम उघडला. आणि खरं सांगू? मला फरकच कळेना.

म्हणजे चित्र छान होतं, पाण्यात प्रतिबिंब पडत होतं, सगळं होतं. पण ज्यासाठी एवढा आटापिटा, ते 'वा!' काही तोंडातून निघेना. कारण शोधायला रात्र गेली. माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा. म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. कार्डानं आत दीडशे बनवली तरी बाहेर साठच. बरं, नव्या मालिकेत तर कार्ड एक चित्र खरं काढतं आणि पुढची तीन एआयनं मधल्यामध्ये भरू शकतं. कंपनीच्या प्रमुखांनी जानेवारीत स्टेजवरून सांगितलं, की ५४९ डॉलरचं ५०७० आता ४०९०च्या तोडीचं आहे. ते या भरणीच्या जोरावर! आमच्याकडे दुधात पाणी घालणाऱ्याला असं स्टेजवर बोलवत नाहीत.

त्यात प्रोसेसर २०१७चाच, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. कार्ड तयार, पण कोणता माणूस कुठं उभा आहे, गोळी कुठं गेली, हे ठरवून देणार प्रोसेसर. आणि तो बसला घाम पुसत. पनवेलकरांना हे वेगळं सांगायला नको. पुढं सिग्नलला मालगाडी उभी असेल, तर मागच्या एक्स्प्रेसचं इंजिन कितीही ताकदीचं असो, उभंच राहणार.

प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदला. मदरबोर्ड बदलायचा तर रॅम बदला, कारण आता डीडीआर-फाइव्ह. शिवाय विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि माझ्या प्रोसेसरला विंडोज ११ची मान्यता नाही. म्हणजे एक कार्ड घरात आलं आणि त्यानं सासरच्या सगळ्यांची झाडाझडती घेतली. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू, तेव्हा सगळं स्वस्त होईल.

हाहाहा.

दिवाळीनंतर नोव्हेंबरात रॅमची किंमत विचारली तर सप्टेंबरच्या दुपटीच्या वर. डोक्याला शॉट! दुकानदाराला वाटलं मी त्याच्यावर संशय घेतोय, त्यानं मोबाइलवर इतर दुकानांचे भाव दाखवले. सगळीकडे तीच बोंब. जगभरातल्या एआय डेटा सेंटर्सनी मेमरीची अशी काही उचल केली, की तुमच्या-माझ्यासाठी उरलीच नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला तर मायक्रॉन या बड्या मेमरी कंपनीनं 'क्रुशियल' हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करणार असल्याचं जाहीर केलं. कारण तेच. ती मेमरी आता मोठ्या गिऱ्हाइकांना जाणार.

इथं मला खरा राग आला. किंमत वाढते, ठीक आहे. पण आपण गिऱ्हाईकच उरलो नाही, हे जरा लागतं. आकडे बघा. जानेवारी २०२२ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाला गेमिंगमधून सुमारे साडेबाराशे कोटी डॉलर मिळाले होते आणि डेटा सेंटरमधून सुमारे साडेदहाशे कोटी. म्हणजे आपण मोठे भाऊ होतो! जानेवारी २०२५ला संपलेल्या वर्षात गेमिंग अकराशे कोटींच्या आसपास आणि डेटा सेंटर साडेअकरा हजार कोटींच्या! १९९९मध्ये याच कंपनीनं जीफोर्स २५६ काढलं आणि 'जगातला पहिला जीपीयू' म्हणून मिरवलं, तेव्हा ते घेणारा कोण होता? रात्र-रात्र क्वेक खेळणारा पोरगा. आता त्याला सांगतायत, जरा बाजूला बस, पाहुणे आलेत.

आणि हे पाहुणे आले कुठं, तर आमच्याच पनवेलला. कार्ड घेऊन मी ग्रँट रोडहून आलो, पण खरा माल आमच्या घरापासून थोड्याच किलोमीटरवर होता. पनवेलजवळ हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत २०२०च्या जुलैमध्ये योट्टाचं एनएम१ हे डेटा सेंटर सुरू झालं. २०२४मध्ये योट्टानं तिथं एनव्हिडियाच्या एच१०० चिप्स आणायला सुरुवात केली. एक-दोन नव्हे, हजारोंच्या संख्येनं. एकेका चिपची भूक सातशे वॅटपर्यंत. मी बाबांना हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं ते चिडतील. पण बोर्डाच्या माणसाचं डोकं वेगळं चालतं. ते जेवता जेवता थांबले आणि कौतुकानं म्हणाले, "त्यांना एक्स्प्रेस फीडर असणार."

बाबांचं टाइमटेबल

आता मे महिन्याकडे परत. एसी घेतला एकदाचा, एक टनाचा, ईएमआयवर. आम्ही नवीन पनवेलला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. घराचं वायरिंग ॲल्युमिनियमचं, अख्ख्या घराला एकच लाइन. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार, जाणार म्हणत सहा वर्षं झाली, त्यामुळे वायरिंगवर कुणीच पैसे घालत नाही. पहिल्याच रात्री एसी सुरू, माझा गेम सुरू, फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला आणि... खटाक! घर अंधारात.

बाबा उठले. कपाटातून टाँग टेस्टर काढला, तोच तो, रिटायर होताना सोबत आलेला. वायरला लावून माझा 'हीटर' मोजला, एसी मोजला. सकाळी फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. सुवाच्य अक्षरात, खाली तारीख आणि सहीसकट.

'गट अ (कॉम्प्युटर) : रात्री ९ ते ११. गट ब (एसी) : रात्री ११ ते पहाटे ५. तांत्रिक कारणास्तव वेळेत बदल होऊ शकतो.'

लोडशेडिंग! २०२५ साली, घरातल्या घरात!

ज्यांना २००६ आठवतंय त्यांना या कागदाची मजा कळेल. तेव्हा मी आठवीत होतो. शाळेच्या मागं एक सायबर कॅफे होता, वीस रुपये तास. आम्ही चौघं काउंटर स्ट्राइक खेळायचो. ऐन रंगात आलेलं असताना लाइट जायची आणि सगळा कॅफे एका सुरात बोर्डाला शिव्या घालायचा. मी पण घालायचो, थोड्या हळू आवाजात. कारण बटण दाबणारे बाबाच असायचे, तिकडे सबस्टेशनवर, हातात टाइमटेबल घेऊन. आमचं घरही त्याच फीडरवर. घरी आलो की आई मेणबत्तीत पोळ्या लाटत असायची.

त्या चौघांतला एक आता डोंबिवलीत आहे, एक हिंजवडीत, एक कामोठ्यात. शनिवारी रात्री आम्ही अजून खेळतो. अजून काउंटर स्ट्राइकच! हो, माझं जुनं कार्ड त्याला सहज पुरत होतं, मला कल्पना आहे. पण डोंबिवलीकराचं बाळ साडेदहाला झोपतं, हिंजवडीवाला अकराला लॅपटॉप बंद करतो. म्हणजे आमचा खेळ सुरू होणार अकराला. आणि अकराला माझी लाइन जाणार.

पावसाळ्यात प्रश्न आला नाही, एसी लागलाच नाही. टाइमटेबलवर आमटीचे डाग पडले. मग ऑक्टोबर हीट सुरू झाली.

त्यातला एक शनिवार. तीन आठवड्यांनी चौघं जमणार होतो. पावणेअकराला मी हेडफोन काढून बाबांच्या खोलीत डोकावलो, आजच्या दिवस तासभर सवलत मिळते का विचारायला. एसी बंदच होता. आई कुशीवर झोपलेली, पंखा फुल्ल. बाबा नव्हते. गॅलरीत बघितलं तर चटई टाकून पडलेले, बनियन काढून उशाला घेतलेली, हातात पुठ्ठ्याचा तुकडा, वारा घालायला.

"एसी?" मी विचारलं.

"आज शनिवार ना," ते म्हणाले. "तुझं ते चौघांचं असतं. मी आईला सांगितलं, गॅस भरायला झालाय."

"अहो, नवीन आहे तो."

"तिला कुठं माहितीये."

खाली रिक्षावाले दिवसाचा हिशोब करत होते. बाबांनी पुठ्ठ्यानं एक डास मारला आणि परत वारा घालायला लागले. "जा, जा," म्हणाले. "पण बारापर्यंत. पीक अवर धरतो मी तुझा."

मी येऊन बसलो. हेडफोनमध्ये तिघंही आले होते, डोंबिवलीकर कुजबुजत होता, बाळ उठेल म्हणून. मॅच सुरू झाली. नव्या कार्डाचे तीनही पंखे फिरायला लागले, टेबलाखालून गरम वारा पायावर यायला लागला. गॅलरीचं दार उघडं होतं. पुठ्ठ्याचा फट्‌फट्‌ आवाज हेडफोनच्या आतसुद्धा ऐकू येत होता, किंवा मला तसं वाटत होतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आम्ही सहा-चारनं पुढं होतो. मी माइक चालू केला आणि म्हटलं, "चला रे, इकडे लाइट गेली."

"अरे पनवेलला अजून जाते?" हिंजवडीवाला हसला.

"जाते," मी म्हटलं, मशीन बंद केलं आणि एसीचा रिमोट शोधायला गेलो.